तृण की तण?

जे पायाखाली असते त्याच्याकडे मनुष्याचे लक्ष सहसा जात नाही. आंब्याला मोहर आला की मान आपोआप वर होते; संत्र्याच्या बागेला बहर आला की वाटेवरचा अनोळखी पांथस्थही क्षणभर थबकतो; परंतु ज्या हिरवळीवर तो उभा असतो तिची विचारपूस करावी असे काही त्याच्या मनात येत नाही. शाळेच्या मैदानावर आपण रोज प्रार्थनेला उभे राहतो. त्या वेळी आपल्या पायांखाली जी चिवट, बारीक पानांची, जमिनीला बिलगून पसरलेली वनस्पती असते, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवसांपासून माझ्या मनात होते. वार्षिकासाठी लेख मागण्यात आला, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही.

ही वनस्पती म्हणजे हरळी. पूजेच्या तबकात आपण तिला दूर्वा म्हणतो, आपल्या भागातील हिंदीभाषक तिला दूब म्हणतात आणि शेतात गेल्यावर ती हरळी होते. दूर्वा, दूब आणि हरळी या तीन वनस्पती की एक, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला असता निम्म्या वर्गाने तीन बोटे वर केली. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. नाव बदलले की वस्तूच बदलल्यासारखी वाटते. आणि ज्या गवताला आपण देवाच्या मस्तकावर वाहतो तेच वावरातून उपटून बांधापलीकडे फेकतो, हे मनाला सहजासहजी पटत नाही.

या गवताने मला विचार करायला लावले ते एका शब्दामुळे. माझी मातृभाषा कोंकणी. माझे माहेर कारवारचे. आमच्या भाषेत गवताला ‘तण’ म्हणतात. ‘गोरवांक तण घाल’, म्हणजे गुरांना गवत घाल, असे आई सांजवेळी सांगत असे. त्या शब्दात ओलावा आहे, गोठ्याचा वास आहे, दुधाची आशा आहे. रामाकोन्याला आल्यावर एका विद्यार्थ्याच्या निबंधात मी वाचले, ‘यंदा आमच्या वावरात तण फार माजले, म्हणून पीक हातचे गेले.’ त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. शब्द तोच, कान तोच, पण अर्थ अगदी उलट! संस्कृतातील ‘तृण’ प्राकृतात ‘तण’ झाले. कोंकणीने त्याचा जुना अर्थ तसाच जपला. मराठीने मात्र नांगर हाती घेतला आणि पिकाच्या आड येणाऱ्या गवतालाच ‘तण’ हे नाव देऊन टाकले. पशुपालकाच्या दृष्टीने जे अन्न, तेच शेतकऱ्याच्या दृष्टीने विघ्न. हरळी ही या दोन्ही अर्थांच्या मधोमध उभी आहे. ती तृण की तण, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. आपल्या गावाच्या मातीचा आणि गुरांचा आहे.

प्रथम तिची नीट ओळख करून घेऊ. हरळीची वाढ दोन प्रकारे होते. काही फांद्या जमिनीवरून सरपटत जातात आणि जेथे पेर मातीला टेकेल तेथे मुळे सोडतात. काही खोडे जमिनीच्या आतून चालतात आणि योग्य वेळ येताच वर डोके काढतात. तिच्या प्रत्येक पेरात नवे रोप होण्याची शक्ती आहे. आपल्या पूर्वजांनी हे किती बारकाईने पाहिले होते! अमरकोशात दूर्वेला शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनन्ता अशी नावे दिली आहेत. शंभर पेरांची, सहस्र सामर्थ्यांची, पुन्हा उगवणारी आणि जिला अंत नाही अशी. ही नावे केवळ स्तुतीची नव्हेत. प्रत्येक नावामागे शेताच्या बांधावर बसून केलेले निरीक्षण आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ तिला ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ म्हणतात. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात आणि दुसऱ्याचा संबंध बोटांशी. कारण तिच्या तुऱ्याच्या तीन ते सहा काड्या पंजाच्या बोटांसारख्या पसरलेल्या असतात.

कलकत्त्यास १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स हे न्यायाधीश आणि भाषापंडित होते. परंतु त्यांना वनस्पतींचाही मोठा छंद होता. दूर्वेची फुले भिंगातून पाहिली असता वाऱ्याच्या अल्पशा झुळकीने थरथरणाऱ्या इवल्याशा माणकांसारखी आणि पाचूंसारखी दिसतात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या प्रयोगशाळेतील साधे भिंग घेऊन आठवीच्या मुलींनी हा प्रयोग केला. हरळीला फुले येतात हेच पुष्कळींना ठाऊक नव्हते. त्या जांभळट पुंकेसरांकडे पाहून एक मुलगी उद्गारली, ‘बाई, हे एवढे रोज आपल्या चपलेखाली असते?’ या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. तो प्रश्न तसाच राहणे मला अधिक चांगले वाटले.

परंतु सौंदर्याच्या भरात शेतकऱ्यावर अन्याय होता कामा नये. काळ्या जमिनीत हरळी शिरली म्हणजे काय होते, हे ज्याने निंदण केले आहे त्यालाच विचारावे. कपाशीच्या ओळीत ती पसरली की पाणी आणि खत ती आधी खाते, कपाशीला उरले तर उरते. वखराने ती मरत नाही. वखराची पास तिची खोडे तोडते खरी, पण तोडलेला प्रत्येक तुकडा ओल मिळताच नवे रोप होतो. म्हणजे मारण्यासाठी चालविलेले औत तिला पेरण्याचेच काम करते. ‘हरळीची मुळी’ हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. पूर्वी दख्खनच्या काळ्या रानात हरळी काढण्यासाठी जड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपीत आणि उन्हाळ्यात ढेकळे उलटी करून मुळ्या उन्हात वाळवीत. नंतर घरातील लहानथोर सारे त्या मुळ्या वेचून जाळीत. आपल्यापैकी कित्येकांच्या आया भर पावसात ओणव्याने निंदण करून संध्याकाळी घरी परततात आणि मग चुलीपाशी बसतात. त्यांच्यापुढे हरळीचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणालाच नाही.

गवत आणि शेती यांचे हे वैर किती मोठे असू शकते याचे एक उदाहरण इतिहासात आहे. हरळीची एक उंच भावंड कांस ही होय. शरद ऋतूत नदीकाठी तिचे पांढरे तुरे डुलतात ते आपण पाहतोच. या कांसाने मध्य भारतातील फार मोठे क्षेत्र व्यापून टाकले होते. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने ट्रॅक्टर आणून ती जमीन मोकळी करण्याचे काम हाती घेतले आणि त्याकरिता १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढले. नव्या राष्ट्राने घेतलेल्या अगदी पहिल्या काही परकीय कर्जांपैकी एक कर्ज गवताशी लढण्यासाठी होते! भुकेच्या त्या काळात ते योग्यच होते. तेव्हा गवताला तण म्हणणारा शेतकरी अडाणी नाही आणि निर्दयही नाही. त्याच्या तोंडी जो शब्द आला तो घामातून आला आहे.

असे असता हरळीची बाजू मी का घेते? याचे उत्तर मला आपल्याच परिसरातील एका धुऱ्यावर मिळाले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री अतोनात पाऊस झाला. नाल्याच्या काठी दोन शेजाऱ्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत. एकाने बागेबरोबर धुऱ्यावरही तणनाशक मारून तो पाटीसारखा स्वच्छ करून ठेवला होता. दुसऱ्याने बागेतील आळी स्वच्छ ठेवली होती, पण धुऱ्यावरची हरळी राहू दिली होती. सकाळी पाहतात तो स्वच्छ धुरा दोन ठिकाणी फुटलेला, बागेतील वरची काळी माती नाल्यात गेलेली आणि झाडांच्या मुळ्या उघड्या पडलेल्या. दुसरा धुरा पाण्याखाली वाकलेल्या हिरव्या गवतासह जागच्या जागी उभा होता. पाण्याचा जोर दोन्ही ठिकाणी अगदी सारखा होता असे मी म्हणणार नाही. परंतु तेथे उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जे म्हटले ते माझ्या मनावर कोरले गेले. ‘बाई, वावरात हे वैरीण हाय, पन धुऱ्यावर राखनदार हाय.’

हा एका वाक्याचा निबंध मला माझ्या साऱ्या पदवीच्या अभ्यासात कोठे वाचायला मिळाला नव्हता. ज्या गुणामुळे हरळी शेतात वैरीण ठरते, त्याच गुणामुळे ती धुऱ्यावर राखणदार ठरते. जी मुळी वखराला दाद देत नाही तीच पुरालाही दाद देत नाही. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की कण सुटे होतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. हरळीच्या पानांवर पडला की त्याचा जोर तेथेच मोडतो. वाहत्या पाण्याचा वेग तिच्या जाळीत मंदावतो आणि खाली मुळ्यांनी माती घट्ट धरून ठेवलेली असते. म्हणूनच कालव्यांचे काठ, तलावांच्या पाळी आणि रस्त्यांचे भराव यांवर मुद्दाम हरळी लावतात. खेळाची मैदानेही तिच्यावरच उभी आहेत. कारण तुडविले जाणे आणि पुन्हा उभे राहणे हा तिचा स्वभावच आहे.

गुरांच्या बाबतीतही हेच दिसते. माळावर मारवेल, पवन्या अशी उंच आणि सकस गवते असतात, परंतु चराई अति झाली की ती हळूहळू नाहीशी होतात. मग कुसळ वाढते. त्याची टोकदार बीजे गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. अशा उजाड होत चाललेल्या माळावरही हरळी टिकून राहते, कारण तिचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, गुराच्या दातांना तो सहसा लागत नाही. वरचे पान गेले तरी खालून नवे येते. तिला दुष्काळ सोसतो, क्षारही बऱ्यापैकी सोसतात. सोसत नाही ती फक्त सावली. शेतकऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात खोल नांगरट करून मुळ्या वाळवाव्यात आणि पावसाळ्यात ताग दाट पेरावा. तागाच्या गर्द सावलीत हरळी क्षीण होते आणि ताग गाडला की जमिनीला खतही मिळते.

दूरच्या जगाने या गवताची किंमत कशी ओळखली तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. तेथेही कापूस पिकविणारे शेतकरी हरळीला शत्रूच समजत. बर्टन यांनी तिच्या निरनिराळ्या वाणांचा संकर करून १९४३ साली ‘कोस्टल’ नावाचा चाऱ्याचा वाण प्रसारासाठी दिला आणि ज्या गवताला लोक शिव्या देत होते त्याचीच कुरणे तेथे लोक हौसेने लावू लागले. याच बर्टन यांच्या टिफ्टन येथील केंद्रात बाजरीचा एक वंध्य-नर वाण तयार झाला. तो भारतात आणून त्याच्या आधारे १९६५ साली लुधियान्याच्या शास्त्रज्ञांनी बाजरीचा पहिला संकरित वाण ‘एचबी-१’ प्रसृत केला. गवताकडे आदराने पाहणाऱ्या एका माणसाची विद्या अशा रीतीने आपल्या ताटातील भाकरीपर्यंत येऊन पोहोचली. बाजरी तरी काय, गहू तरी काय, ज्वारी आणि भात तरी काय, ही सारी गवताचीच तर कुळे आहेत!

आता पंचांग उघडून पाहा. श्रावणी अमावास्येला आपल्याकडे पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात, दुसऱ्या दिवशी त्यांना सजवून तोरणाखाली उभे करतात. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी येते ती गणेशचतुर्थी. म्हणजे ज्या बैलाने हरळी उपटण्यासाठी वर्षभर मान मोडली त्याची पूजा आधी, आणि चारच दिवसांनी त्याच हरळीच्या एकवीस जुड्या गणपतीच्या चरणी. आपल्या पूर्वजांनी वैरही नाकारले नाही आणि ऋणही नाकारले नाही. दोहोंना चार दिवसांच्या अंतरावर बसवून दिले. आमच्या कारवारकडे श्रावणातील रविवारी सुवासिनी दूर्वा आणि रानफुले यांच्या लहान जुड्या बांधतात. त्यांना ‘चूडी’ म्हणतात. त्या तुळशीला वाहायच्या आणि वडीलधाऱ्या स्त्रियांना द्यायच्या. ज्या दूर असतील त्यांना पाकिटातून टपालाने पाठवायच्या. मी दर श्रावणात येथील दूर्वा खुडून आईला चूडी पाठविते. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या. कारवार तेव्हा म्हैसूर राज्यात गेले, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली आपला सौंसर तालुका नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. माणसांचे पत्ते असे बदलत राहिले. पण रामाकोन्याची दूर्वा कारवारच्या तुळशीला परकी वाटत नाही.

परंतु ही दूर्वा उद्या खुडायची कोठून, ही चिंता मला हल्ली वाटू लागली आहे. पूर्वी गावोगावी सकाळी गुरे आखरावर जमत आणि गायकी त्यांना चरायला घेऊन जाई. गोवारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. दिवाळीच्या पाडव्याला गाईंची पूजा होते तेव्हा त्यांच्या नाचावाचून तो सण पुरा होत नाही. गावाच्या या सामायिक कुरणाला महाराष्ट्रात गायरान म्हणतात, आपल्या राज्याच्या दप्तरात चरनोई म्हणतात. १९५९ च्या मध्य प्रदेश भूराजस्व संहितेत गावकऱ्यांच्या निस्ताराच्या हक्कांची नोंद ठेवण्याची तरतूद आहे आणि त्यात चराईही येते. गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी राज्यांनी योजना आखाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका खटल्याचा निकाल देताना सर्व राज्यांना दिला. कायदा आहे, निकाल आहे. परंतु जे कुरण कोणा एकाचे नसते ते राखण्याची आठवणही कोणा एकाला राहत नाही. कोणी बांध थोडा सरकवतो, कोणी कचरा टाकतो, कोणी मुरूम खणून नेतो. हरळी सर्व काही सोसते, पण खणून नेलेल्या जागी ती कशाला धरून उभी राहणार?

आणि फवारणीविषयीही दोन शब्द. मजूर मिळत नाहीत, निंदण परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु ग्लायफोसेटसारखे औषध पानांतून मुळीपर्यंत जाऊन जे समोर येईल ते हिरवे मारते. वाऱ्याने उडाले तर संत्र्याच्या पालवीलाही सोडत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि तो केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच व्हावा असे ठरविले. तेव्हा पंप पाठीवर घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. हे औषध मारण्याची मला मुभा आहे काय? आणि जेथे मी ते मारीत आहे तेथे हे गवत खरोखर तण आहे काय?

या दुसऱ्या प्रश्नासाठीच हा लेखनप्रपंच. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे शेती सांभाळणार आहात. काहीजण तलाठी, शिक्षक, अभियंते होऊन गावाच्या जमिनीविषयी निर्णय घेणार आहात. येत्या पावसाळ्यात एवढे करा. आपल्या वावराच्या धुऱ्यावरून एकदा सावकाश चालत जा. जेथे हरळी आहे तेथली माती आणि जेथे नाही तेथली माती हातात घेऊन पाहा. कपाशीतील हरळी अवश्य काढा, मुळीसकट काढा, आईला निंदणात हात द्या. पण धुऱ्यावरची, नाल्याच्या काठावरची आणि गावाच्या चरनोईवरची राहू द्या. कन्हानला पूर येईल तेव्हा ती आपले काम करील. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा की आपल्या गावचे आखर कोठे होते, गुरे कोणत्या वाटेने जात, कुरणाची हद्द कोणत्या झाडापर्यंत होती. ते वहीत लिहून ठेवा. ज्यांना हे आठवते ती माणसे आता थोडी उरली आहेत, आणि दप्तरातील रेघेला गावाच्या आठवणीची साक्ष लागते.

कोणतीही वनस्पती जन्मतः तण नसते. ती कोठे उभी आहे आणि तिच्याकडे कोण पाहतो आहे, यावर तिचे नाव ठरते. मराठीने मला त्या शब्दाचा कष्टाचा अर्थ शिकविला, कोंकणीने त्याचा मायेचा अर्थ दिला होता. शेताच्या आत एक अर्थ चालवावा आणि धुऱ्यावर दुसरा, इतका विवेक आपल्याला साधला तर माती जागेवर राहील, गुरांचे पोट भरेल आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला एकवीस जुड्यांसाठी कोणाला बाजारात जावे लागणार नाही.